तेवढ्या वाफ्यात राख नको

शिरूर
९ मार्च २०२५, रविवार

आत्या,

वर नमस्कार-चमत्कार लिहीत नाही. ते वाचून तुम्ही सुनेला "नाटकी" म्हणाल आणि पुढचं वाचणार नाही. फोन केला की वाजतो आणि मधेच कापला जातो. मामांना फोन कापता येत नाही, त्यामुळं कापणारा अंगठा कुणाचा हे मला शिरूरला बसून कळतं. पत्र मात्र तुम्ही फाडणार नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही आधी वाचता आणि मगच चुलीत घालता. म्हणून आज सुट्टीची लिहायला बसले.

काम एकच आहे. सारिकाताई परवा माहेरी येऊन गेल्या, त्यांनी मागच्या अंगणातल्या महेंद्रच्या फुलांच्या वाफ्याचा फोटो पाठवला. पानं पिवळी पडलीत. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळं. हे उन्हानं नाही, पाणी कमी पडूनही नाही. मातीत चुना वाढला की असं होतं, आणि तो कशानं वाढला ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तिकडं बघायचं टाळत असाल, तर आज एकदा बघा. पानावर बोट फिरवा. मधोमध एक उंच शीर लागते, महेंद्र तुमचं बोट धरून दाखवायचा ती. ती अजून ताठ असेल तर खालचा गड्डा जिवंत आहे.

तुमच्यासमोर मी त्याला "हे" म्हणायचे आणि खोलीत महेंद्र. इथं महेंद्रच लिहिते. रागावायचं तर रागवा, निदान काहीतरी म्हणाल.

आता नीट वाचा. वाफ्यातली माती सगळी काढायची, वीतभर नाही, हातभर खोल. गड्डे उपसून धुवायचे आणि ओल्या गोणपाटात ठेवायचे. गोठ्यामागं तांबड्या मातीची पोती आहेत, महेंद्रनं मुळशीच्या डोंगरातनं आणलेली. ती भरायची, त्यात कुजलेला पाला मिसळायचा आणि गड्डे परत लावायचे. बोअरचं पाणी अजिबात नाही. त्याला क्षार असतो, तुमच्या हंड्याला बसतो ना पांढरा थर, तोच. पत्र्यावरनं टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी घाला.

माती काढायची, एवढंच लिहिते. त्या मातीत कोण आहे ते मलाही माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐका. आपल्याकडं आता राख घेऊन नदीवर कुणी जात नाही. स्वतःच्या रानात पुरतात आणि वर झाड लावतात. मामा म्हणाले, बांधावर केशर आंबा लावू. तुम्ही म्हणालात, "माझा ल्योक बांधावर एकटा ऱ्हाणार न्हाई. त्याच्या त्या फुलांत घाला. माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल." सगळ्या भावकीनं माना हलवल्या. आणि मी पदर डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसलेली बाई, उठून म्हणाले, "त्या वाफ्यात राख नको. फुलं मरतील."

भावकीतल्या म्हस्कूआबांनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही उष्टं टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या खुटबाव गावात झालं की मामांच्या, शंकररावांच्या सुनेला नवऱ्यापेक्षा फुलं जास्त आहेत.

आत्या, ते वाक्य माझं नव्हतंच. वांग्यावर माव्याची कीड आली की तुम्ही चुलीतली राख घेऊन परसात फिरायचात आणि महेंद्र शिफ्टला निघता निघता गाडीवरनं ओरडायचा, "आई, सगळीकडं टाक, तेवढ्या वाफ्यात राख नको." तुम्ही म्हणायचात, "राखंनं कवा काय मेलंय व्हय रं?" तीन वर्षं मी ते ऐकलं. त्या दिवशी माझ्या तोंडाला तेच आलं.

आणि लिंबाचं. तेराव्याची माणसं गेल्यावर मी वाफ्याशी बसून मूठभर मातीवर लिंबू पिळत होते. तुम्ही खरकटी भांडी घेऊन दारात आलात. लेकाच्या राखेवर सून लिंबू पिळतेय, एवढंच तुम्हाला दिसलं. तुम्ही जे बोललात ते मी लिहिणार नाही, सारिकाताईंनी तुमच्या तोंडावर हात ठेवला होता तरी मला ऐकू आलं. करणी करायची तर कुणावर करणार होते मी, आत्या? ज्याच्यावर करावी असा माणूसच उरला नव्हता.

महेंद्र तेच करायचा. बशीत माती घ्यायची, लिंबू पिळायचं, फेस आला तर मातीत चुना आहे. तुम्हीच त्याला हसायचात, "मातीचं सरबत करतंय माझं पोरगं." तोच पोरगा, तेच लिंबू. पिळणारा हात बदलला, एवढंच.

फेस आला होता. खूप आला होता.

खुटबाव सोडून शिरूरला येताना मी कडेचा एक फुटवा काढून घेतला, जिथं राख पोचली नव्हती. तुमच्यासमोर घेतला. तुम्ही उंबऱ्यावर होतात, अडवलं नाहीत. तो इथं गच्चीवर रंगाच्या बादलीत आहे. बाकीच्यांना वाचवणं तुमच्या हातात आहे. पाऊस यायच्या आत माती बदला.

मोनाली


शिरूर
२७ एप्रिल २०२५, रविवार

आत्या,

मामा येऊन गेले. शिरूरला काय काम काढलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "चष्म्याची काडी मोडली." काडी धड होती. पायरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "कशी हाय?"

मी म्हणाले, "पानं टोकापासनं करपायला लागली असतील आता."

"मी तुझं इचारतोय पोरी. फुलांचं न्हाई."

 मग मी विचारलं, आत्यांनी पत्र वाचलं का. म्हणाले, "वाचलं. दोनदा वाचलं. म्हनली, माझा ल्योक कुठं ठिवलाय ते मला ठावं हाय. तितनं तो हलायचा न्हाई. फुलं मरू द्यात न्हाईतर जगू द्यात." आणि थोड्या वेळानं आपल्याशीच, "मी बांध म्हनत हुतो तवा कुणी ऐकलं न्हाई."

जाताना त्यांनी पिशवीतनं भाकरी आणि चटणी काढून दिली. म्हणाले, "मीच बांधून आणली." आत्या, मामांना स्वतःच्या धोतराची गाठ धड मारता येत नाही. फडक्याला तुमची दुहेरी गाठ होती, सोडायला दात लावावे लागतात ती. भाकरी मी खाल्ली. फडकं धुऊन ठेवलंय. राग मात्र गेलेला नाही, तुमचाही आणि माझाही.

तुम्ही म्हणता महेंद्र त्या मातीत आहे. मी तिसऱ्या दिवशीपासून सांगतेय की तो त्या पानांत आहे. तुम्हाला आठवतं ना, कंपनीनं सहा महिने जपानला पाठवलं होतं तेव्हा जूनमध्ये त्यानं व्हिडिओ कॉल केला होता? पाण्यात उभी फुलंच फुलं, हातभर पानांची, आणि मधनं लाकडी फळ्यांची वाट. टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका वाकून सुकलेली फुलं खुडत होत्या. त्याला वाटलं तुम्ही हरखून जाल. तुम्ही फोन डोळ्याजवळ नेऊन म्हणालात, "ह्यो तर वेखंड हाय की."

तो इतका हसला. त्यानं तिथल्या कुणाला तरी विचारलं, तर तिकडंही त्या फुलाचं नाव "फुलवाला वेखंड" असंच निघालं. परत आल्यावर सगळ्यांना सांगत सुटला, आमच्या आईला जपानी येतं. कालिम्पाँगच्या नर्सरीतनं गड्डे मागवले, लेबलं वाटेत भिजून कोरी झाली होती, त्यामुळं फूल कुठल्या रंगाचं येणार ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "वेखंड घरात आलंय, आता उगाळाया बाळ बी आणा." मी आत निघून गेले होते. तुम्हाला वाटलं मी लाजले. दवाखान्यात जाऊन आम्हाला तेव्हा वर्ष झालं होतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

जाऊ दे. पैजेचं लिहायचं होतं. तो म्हणाला जांभळं येणार, तुम्ही म्हणालात पांढरं. तो हरला तर पुरणपोळी त्यानं करायची, पुरण वाटण्यापासून. तुम्ही हरलात तर त्याच्या गाडीवर मागं बसून दौंडच्या बाजारात हेल्मेट घालून फिरायचं. मी म्हणाले, येईल ते येईल, आधी येऊ तर दे. आपल्याकडं ऊन जास्त, थंडी कमी. तीन उन्हाळे नुसती पानं आली. या हिवाळ्यात थंडी चांगली पडली होती. डिसेंबरात गाडीच्या सीटवर दव बघून तो म्हणाला होता, "मोने, ह्या वर्षी नक्की."

मग जानेवारीत रांजणगावहून परत येताना ती उसाची ट्रॉली, रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर.

तुम्ही त्या मातीतनं त्याला हलवत नाही. ठीक आहे. पण ज्याची वाट बघत तो गेला ते फूल त्याच मातीत मरतंय, आणि मारणारी त्याचीच राख आहे. त्याला हे कळलं असतं तर त्यानं स्वतः फावडं घेतलं असतं. त्याच्या जागी तुम्ही घ्या.

मोनाली


शिरूर
२० जुलै २०२५, रविवार

आत्या,

सारिकाताईंचा फोन आला. वाफा सगळा गेला म्हणाल्या. एकही कोंब नाही.

"सांगितलं होतं ना" असं लिहायला मी हा कागद घेतला होता. पुढची आणखी वाक्यंही तयार होती, कंपनीच्या बसमध्ये रांजणगावपर्यंत तीच मनात घोळवत होते. पण सारिकाताई शेवटी म्हणाल्या, "वहिनी, आई रोज सकाळी उठून त्या मोकळ्या मातीला पाणी घालती. वर पाऊस पडत आसला तरी घालती. म्या म्हनलं, आई, आता काय हाय तितं? तर म्हनली, तहान लागत आसंल."

तेव्हापासून मला काही लिहिवत नाही.

मी त्याच्या मागं रडले नाही असं सगळे म्हणतात, तुम्हीही म्हणता. खरं आहे. दवाखान्यात पोचले तेव्हा करायचं काही उरलंच नव्हतं. घरी आणल्यावर जे झालं ते दुसऱ्यांनीच केलं. कुणी त्याला आंघोळ घातली, कुणी माझ्या बांगड्या काढल्या, कुणी मला धरून इथनं तिथं बसवलं. मी पोत्यासारखी उचलली जात होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही वाफ्याचं नाव काढलंत आणि मला एकदम वाटलं, हे एक आहे. त्याच्यासाठी अजून करता येण्यासारखं हे एकच आहे माझ्या हातात. म्हणून तोंड उघडलं. ते बायकांना कसं दिसलं असेल ते आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं.

इथला फुटवा जगला आहे. एकाचे चार झालेत. घरमालकीण गिताबाई म्हणतात, "ह्या गवताला येवढं काय जपायचं?" त्यांना मी म्हणाले, वेखंड आहे. मग एकदम आदरानं बघायला लागल्या. शिरूरच्या नळालाही क्षार आहे, त्यामुळं खालच्या दाताच्या दवाखान्याच्या एसीतनं जे पाणी ठिबकतं त्याला मी डबा लावते. ते पाणी मऊ असतं, महेंद्रनंच शोधून काढलं होतं. डॉक्टर रोज विचारतात, आज किती झालं.

तुम्ही सांधेदुखीचं तेल लावता का? पावसात वाकून पाणी घालता म्हणून विचारलं.

मोनाली


शिरूर
११ जानेवारी २०२६, रविवार

आत्या,

वर्षश्राद्धाला आले ते तुम्हाला आवडलं की नाही, मला कळलं नाही. बोलावणं सारिकाताईंचं होतं, तुमचं नव्हतं. तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, पण पंगतीत माझ्या ताटात कुरडई दुसऱ्यांदा वाढलीत. बाकी कुणाला दुसऱ्यांदा नव्हती. मी बघत होते.

सगळे जेवत होते तेव्हा मी मागं गेले. वाफा इतका स्वच्छ होता, आत्या. एक गवताची काडी नाही. माती ओली होती, काठाला तुमच्या बोटांच्या खुणा होत्या, सारवल्यासारख्या. तिथं बोअरचं पाणी भरलेला तांब्या ठेवला होता. मी तो उचलला आणि वाफ्यात ओतला. पाण्यात क्षार आहे, हे एकदाही मनात आलं नाही. त्या मातीत मरायला आता काही नव्हतंच. वळले तर तुम्ही दारात होतात. त्याच दारात. 

तुम्हाला इथलं सांगते, म्हणजे हसाल. थंडीशिवाय हे झाड फुलत नाही, म्हणून मी डिसेंबरभर बादलीत बर्फ टाकत होते. कंपनीच्या कँटीनमधनं थर्मासात घालून आणायचा. बसमधल्या बायका विचारायच्या, मोनाली, घरी फ्रिज नाही का. पानं सगळी सुकली आणि मी घाबरले. मग आठवलं, महेंद्र म्हणायचा हिवाळ्यात ते झोपतं, झोपलेल्याला उठवू नको. बोटानं माती थोडी बाजूला केली तर खाली पांढरे कोंब होते, तांदळाएवढे.

केंदूरला माहेरी दादा माझ्यासाठी स्थळं बघतोय. एक जण आला होता, माणूस बरा होता. मी म्हणाले, माझ्याबरोबर एक बादली येईल. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. दादानं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. तुम्हाला हे दुसरीकडनं कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. मी अजून कुणाला हो म्हटलेलं नाही.

मोनाली


शिरूर
३ मे २०२६, रविवार

आत्या,

फूल आलं.

मधल्या दांड्यावर गेल्या आठवड्यात कळी दिसली. हिरव्या सुरळीत गुंडाळलेली होती, रंग कळत नव्हता. मी रोज कामाला जाताना गिताबाईंना सांगून जायचे, ऊन चढलं की छत्री उघडून ठेवा. त्यांनी ठेवली, रोज ठेवली, स्वतःच्या लग्नातली आहे म्हणतात. काल संध्याकाळी सुरळीच्या टोकाशी रंग दिसला. मी बघितला नाही. खरंच सांगते, पाठ करून बसले. सकाळी आंघोळ केली, चहा केला, मग गच्चीवर गेले.

पांढरं आहे, आत्या. मधोमध पिवळी रेघ, हळदीचं बोट ओढल्यासारखी, आणि बाकी सगळं पांढरं शुभ्र. माझ्या पंजाएवढं आहे. पाकळ्या उभ्या नसतात, आडव्या पसरतात, वरनं बघायचं फूल आहे हे. म्हणून जपानात ती लाकडी वाट उंचावर होती. तो तिथं उभा राहून खाली बघत असणार.

तुम्ही जिंकलात.

हे वाक्य मी त्याच्या आवाजात ऐकायला किती थांबले असते. "आई, जिंकलीस गं," असं म्हणत तो पुरण वाटायला बसला असता आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी "सरक तिकडं" म्हणाला असतात. आता पैज जिंकलेली बाई खुटबावला आणि फूल शिरूरला. मी सकाळपासून रडतेय. वर्षभराचं आत्ता आलं. गिताबाई दोनदा वर येऊन गेल्या, दुसऱ्यांदा शेजारीच बसून राहिल्या.

सारिकाताईंना फोटो पाठवलेला नाही. पहिल्यांदा फोटोत बघू नका. हे फूल तीनच दिवस टिकतं, पण त्याच दांड्यावर दुसरी कळी आहे, ती हे गळल्यावर उमलेल. तोवर पत्र पोचेल. मामांना घेऊन या. नाही आलात तर मी समजून घेईन, एवढं मला आता समजतं.

फूल संपल्यावर गड्डा सोडवून वेगळा करायचा असतो, नाहीतर बादलीत दाटी होऊन मरतो. एक फुटवा मी तुम्हाला आणून देते. कुठं लावायचा ते तुम्ही ठरवा. त्याच वाफ्यात म्हणालात तर त्याच वाफ्यात लावू. मरेल, ते मला माहीत आहे. मेला तर पुढल्या वेळी दुसरा आणीन. दर खेपेला आणीन. त्याला तिथं एकटं ठेवायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला वर्षश्राद्धाला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मलाही तो तिथंच दिसला.

मोनाली


खुटबाव
शुक्रवार

मोनाली,

पत्र पोचलं. मामा म्हनले मी वाचून दावतो. म्या दिलं न्हाई. माझं मीच वाचलं, बोट ठिवून. तुझी समदी पत्रं तांदळाच्या डब्यात हायती, वाळवी लागू नाई म्हनून.

पांढरं येनार हे म्या पयल्यापासनं म्हनत व्हते. त्याला पुरनपोळी कुठली आली आसती. कनिक तिंबाया बसला आसता तर घरभर केली आसती. काल म्याच पुरन घातलं. जिकलेल्यानंच केलं. पयली पोळी फाटली, ती त्याची म्हनून काढून ठिवली. मामांनी दोन खाल्ल्या.

म्या फूल बघाया यिनार न्हाई. तुझ्या गच्चीवर मला ते बघवायचं न्हाई. राग न्हाई. राग का न्हाई ते बी सांगते.

तू म्हनलीस राख नको, तवा मला वाटलं ही माझ्या लेकाला घरातनं भाईर काढती. म्हनून मला तुझं त्वांड बघवंना. फुलं मेली तरी मला काय वाटलं न्हाई, खरं सांगते. म्हनलं माझा ल्योक तर हाय. पन वर्सश्राद्धाला तू तांब्या उचलून त्या मातीला पानी घातलंस. पानी बोअरचं हाय हे तुला ठावं आसून घातलंस. तवा मला कळलं, तुला बी तो तितंच हाय. आन् तरी तू त्याला उचलाया सांगत व्हतीस. म्हंजी तुझं काळीज माझ्यापरीस मोठं म्हनायचं. मला ते जमलं नव्हतं.

संक्रांत झाली आन् म्या माती काढली. तुला कळवलं न्हाई. मामा म्हनले गडी लावू. म्या म्हनलं ह्यात कुनाचं फावडं लागायचं न्हाई. खुरप्यानं काढली, हातानं काढली. तू लिवलं व्हतंस हातभर, तेवढी काढली. कुठली राख आन् कुठली माती, कायबी कळंना. मग समदीच पाटीत भरली आन् बांधावर न्हेली. मामांनी आंब्याचा खड्डा काढून ठिवला व्हता. पयली पाटी डोक्यावर घेतली तवा वाटलं लई जड लागंल. जड नव्हती. तो ल्हान आसताना बी आसाच पाटीत निजवून रानात न्हेत हुते. वाटंनं तसंच एक हात वर धरून चालले, पडू नाई म्हनून. लई खेपा झाल्या. शेवटच्या पाटीला मामा म्हनले, दे मी घेतो. म्या दिली न्हाई.

आंबा लागलाय. पालवी बी आलीया. राख त्याला चालती.

वाफ्यात पोत्यातली तांबडी माती भरली, पाला घातला. टाकी घासून ठिवलीया, पावसाचं पानी धराया. वांग्यावर मावा पडलाय, पन राख तिकडं न्हेत न्हाई. कुनाला न्हेऊ बी देत न्हाई.

दादाला म्हनावं स्थळ चांगलं बघ, घाई करू नगं. लगीन केलंस तरी ह्या घरी येत ऱ्हा. माझ्या गाठीचं फडकं तुझ्याकडं हाय, ते घिऊन ये.

काल तिन्हीसांजंला बशीत वाफ्यातली माती घेतली आन् लिंबू पिळलं. महेंद्र करायचा तसंच. लई येळ बघत बसले. मामा म्हनले आता उठ. फेस आला न्हाई. म्हंजी तो आता त्यात न्हाई. तू ये आन् लाव.

तुझी आत्या